टोपलीवरची चिंधी

मथुराक्का गेली, हे प्रकाशने धुळ्याहून फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "बरं झालं." प्रकाश तिचा एकुलता एक मुलगा. त्याचेही केस आता पांढरे झालेत. मग तो हळूच म्हणाला, "हो मावशी, सुटली." माझ्या सुनेला मात्र माझं बोलणं आवडलं नाही. असं कोणी म्हणतं का, म्हणाली. मी म्हणते. अकरा महिने ती अंथरुणावर होती आणि कूस बदलायलाही तिला दुसऱ्याचा हात लागत होता. जिने उभ्या आयुष्यात कोणाला पाण्याचा तांब्या आणून दे म्हटलं नाही, तिचे ते दिवस मी पाहिलेले आहेत. मला रडू आलं नाही, हलकं वाटलं. त्याला आणखीही एक कारण होतं. तरुणपणी मी मथुराक्कावर एक संशय घेतला होता, आणि त्यापायी तिचं जवळजवळ वाटोळं झालं होतं. तो संशय चुकीचा होता, एका चांगल्या बाईला मी नाहक अडकवलं, असं मी साठ वर्षांहून जास्त काळ मनात धरून बसले होते. ती जायच्या दोन महिने आधी तो प्रश्न आमच्यात मिटला. तो न मिटता ती गेली असती तर मी आज हे लिहायला बसले नसते.

स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी अमळनेरजवळच्या एका खेड्यातली, चौथी पास, लग्न होऊन धुळ्याला आले. नवरा एका जिनिंग कारखान्यात हमाल होता. वर्षभराने मीही तिथेच लागले. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. बैल सुटायचे, आवारात कापसाचे डोंगर उभे राहायचे, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी आम्ही सोळा बाया कापूस निवडायला बसायचो. पालापाचोळा, किडकी बोंडं, खडे, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे लोखंड. विळ्याचा तुकडा, गाडीचा खिळा, बैलाच्या पायातून निघालेली नालेची चूक, म्हणजे नाल ठोकायचा बारका खिळा, काय वाटेल ते त्यात निघायचं. निवडलेली टोपली दुसऱ्या बाया डोक्यावर घेऊन लाकडी पायऱ्यांनी वर न्यायच्या. वर रेचे होते, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारी यंत्रं, ओळीने लावलेली आणि एकाच इंजिनावर पट्ट्यांनी फिरणारी. रेच्यात लोखंड गेलं की ते पात्यावर घासायचं आणि ठिणगी उडायची. वाळलेली रुई पेटायला किती वेळ लागतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "अगं" म्हणेपर्यंत.

तर असं काही झालं की मुकादम बाबूनाना खाली यायचे आणि कमरेवर हात ठेवून विचारायचे, "टोपली कोणाची होती?" आलेल्या सगळ्या जणी खाली बघायच्या. कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. पण नाना नाव घेतल्याशिवाय हलायचे नाहीत, कारण त्यांना वर मालकाला नाव सांगावं लागायचं. मग आम्ही त्यातून एक वाट काढली होती. त्या दिवशी जी कामावर आलेली नसेल तिचं नाव सांगायचं. ती समोर नसल्यामुळे भांडायला यायची नाही, नानांचंही काम व्हायचं, आणि आपण सगळ्या एकमेकींना किती सांभाळून घेतो असं वाटून आम्ही खूश असायचो. जी आलीच नाही तिने टोपली निवडली कशी, हे नानांनी कधी विचारलं नाही. हजेरी तेच लावायचे, पण त्यांनाही हिशेबाला एक बाई हवी असायची.

मथुराक्का जामनेरकडची. नवरा वारल्यावर तीन वर्षांच्या प्रकाशला घेऊन धुळ्याला लांबच्या नात्यात येऊन राहिली होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. आम्ही सगळ्या अहिराणी बोलायचो, तिचं बोलणं पूर्वेकडचं. आमचं "शे", तिचं "हाये". बाया तिच्या तोंडासमोर तिची नक्कल करायच्या, ती ऐकून घ्यायची आणि निवडत राहायची. एके दिवशी प्रकाशला ताप होता म्हणून ती आली नाही, आणि नेमकी त्याच दिवशी वर आग लागली. ओल्या गोण्या आणि वाळू टाकून ती विझवली, पण गोण्या टाकताना आमच्यातल्या वडीलधाऱ्या कौसाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. नाना आले. टोपली कोणाची? कौसाबाई हाताला तेल चोपडून घेत बसली होती. तिनेच सांगितलं, "मथुरानी." मीही तिथे होते. मीही मान हलवली.

मथुराक्का दुसऱ्या दिवशी आली तर तिला आठ दिवस घरी बसायला सांगितलं. ती नानांशी भांडली नाही. आली तशी परत गेली आणि नवव्या दिवशी पुन्हा आली. आमच्यातल्या दोघी-तिघी त्या दिवशी पाणी प्यायच्या निमित्ताने उठूनच गेल्या, कारण ती कोणाच्या तरी झिंज्या धरणार असं आम्हांला वाटत होतं. तिने तसं काही केलं नाही. आम्ही बसायचो एका ओळीत, सगळ्यांची तोंडं ढिगाकडे. ती मात्र ओळ सोडून कौसाबाईच्या समोर येऊन बसली, तोंडाला तोंड.

"कौसाबाई, तुमची टोपली दाखवा."

"काबरं? तू कोन शे? मुकादमनी सासू?"

"सासू नाई. तुम्ही माही पाहा, मी तुमची पाह्यते."

"मनी टोपली मी दखेल शे. माले डोया शेत."

"आपलं पोर आपल्याले गोरंच दिसते," मथुराक्का म्हणाली. "टोपलीचंबी तसंच हाये."

सगळ्या हसल्या, कौसाबाईसुद्धा. मथुराक्काने तिच्या टोपलीत हात घातला, तळापर्यंत चाळवला आणि एक खडा काढून तिच्या पुढ्यात ठेवला. मग स्वतःची टोपली तिच्याकडे सरकवली. कौसाबाईचे हात चिंध्यांनी बांधलेले होते, पण तिने हट्टाने उलटीपालटी केली, कारण आता काहीतरी सापडायलाच हवं होतं. काही सापडलं नाही, तेव्हा तिला जास्तच राग आला. दुसऱ्या दिवशी ती मथुराक्काच्या टोपलीवर पुन्हा तुटून पडली. तिसऱ्या दिवशी तिला एक वाळकं बोंड मिळालं आणि ते तिने सगळ्या ओळीला फिरवून दाखवलं. हे बघून बाकीच्यांनाही चेव आला. असं ते सुरू झालं. फार चांगल्या मनाने सुरू झालं असं मी म्हणणार नाही.

चिंधी नंतर आली. कोणी कोणाची टोपली पाहिली यावरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा मथुराक्काने आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी फाडली आणि पाहून झालेल्या टोपलीच्या कडेला बांधली. प्रत्येकीच्या लुगड्याचा रंग वेगळा, म्हणून चिंधी वेगळी. लक्षात घ्या, चिंधी निवडणारीची नसायची, पाहणारीची असायची. निवडणारी कोण ते टोपलीवरून कळायचंच, टोपल्या जिच्या तिच्या होत्या. त्यामुळे टोपली वर जाताना तिच्यावर दोघींचं नाव असायचं. काही झालंच तर दोघींनी उभं राहायचं. चिंधी बांधायच्या आधी जे सापडेल ते आपसांत, नानांच्या कानावर घालायचं नाही. यावर ओळीतली सालूबाई म्हणाली की ही तर चहाडी झाली, एकमेकींच्या टोपल्या उपसायच्या. मथुराक्का म्हणाली, "तोंडावर सांगतलं त चहाडी कशी? मांगून सांगतलं का चहाडी." आणि तिने कौसाबाईकडे बघितलंही नाही. कौसाबाई मात्र मान खाली घालून बराच वेळ एकच बोंड सोलत राहिली.

ते दोन-तीन महिने नाना वैतागले होते. बाया समोरासमोर बसल्या की गप्पा मारतात, काम कमी होतं, असं त्यांचं म्हणणं. खरं दुखणं वेगळं होतं. टोपली कोणाची, हे विचारायची त्यांना गरज उरली नव्हती आणि रेच्यात लोखंड जात नव्हतं. ते ओळ पुन्हा पूर्वीसारखी लावायची संधी शोधत होते. आणि ती संधी त्यांना मी दिली.

आमच्या जोड्या ठरलेल्या होत्या. माझी जोडी मथुराक्काशी. मी तिची टोपली रोज पाहायचे, कारण माझ्याआधी कौसाबाई तिच्याशी बसायची आणि मला कौसाबाईपेक्षा ढिली ठरायचं नव्हतं. पण माझी टोपली मथुराक्का पाहते की नाही, याची मला शंका यायला लागली. मी टोपली सरकवली की ती बोलता बोलता हात पुढे करायची, आणि बघावं तर चिंधी बांधून झालेली. दुसऱ्या जोडीत कोणी चाळायला आळस केला तर हीच ओरडायची. मला कोणाचा मोठेपणा फार वेळ बघवत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि तो अजून गेलेला नाही. एका सकाळी कापसात मला नालेची चूक सापडली, चांगली बोटाच्या पेराएवढी. सापडलेलं लोखंड बाजूच्या डब्यात टाकायचं असायचं. मी ते डब्यात टाकलं नाही. टोपलीत खाली दाबून ठेवलं आणि टोपली तिच्याकडे सरकवली. तिला सापडलं तर हसायचं आणि नाही सापडलं तर तिच्यासमोर काढून सगळ्या बायांना दाखवायचं, असा माझा बेत.

तिने चिंधी बांधली. हात आत घातलाच नाही. मला इतका आनंद झाला की मी लगेच टोपली धरून ठेवायची सोडून कौसाबाईला हाक मारायला वळले, की ये, तमाशा बघ. वळून पुन्हा पाहते तो टोपली जागेवर नाही. उचलणाऱ्या बाया आल्या होत्या आणि चिंधी बघून त्यांनी टोपली नेली होती. चिंधी असली की विचारायचं नाही, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

मी पायऱ्यांकडे धावले. वर तीन बाया डोक्यावर टोपल्या घेऊन दारातून आत चाललेल्या. मी हाका मारल्या, पण रेच्यांच्या आवाजात शेजारच्या बाईचंही ऐकू येत नाही. मागे-पुढे चढणाऱ्या बायांनी पायऱ्या अडलेल्या. तेव्हा मी उलटी फिरले आणि इंजिनाच्या खोलीत घुसले. तिथे बायांनी जायचं नव्हतं. इंजिनवाला बाबा तेलाची झारी घेऊन उभा होता. मी म्हटलं, इंजिन थांबवा. तो म्हणाला, नानांना विचारून ये. मी त्याचा दंड धरला आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "आग! आग लागली!" त्याने झारी टाकली आणि इंजिन बंद केलं. पट्टे फटफट करत मंदावले, रेचे एकेक करून थांबले, आणि सगळ्या आवारात अशी शांतता पसरली की बाहेरच्या बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकू यायला लागले.

नाना धावत आले. "कुठे आहे आग?"

मी म्हटलं, "अजून लागली नाही."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी सांगितलं की माझ्या टोपलीत लोखंड गेलंय. वर जाऊन शोधलं. टोपली अर्धी रिकामी झाली होती आणि तो कापूस रेच्याच्या पुढच्या फळीवर पसरलेला होता. चूक तिथे सापडली, कापूस आत ओढणाऱ्या रुळापासून वीतभर अंतरावर. इंजिन आणखी थोडा वेळ चाललं असतं तर… पण चाललं नाही. मी तिथेच फळीला धरून खाली बसले. मला हसू येत होतं. घाबरून हसू येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

खाली आवारात सगळ्यांना उभं केलं. नानांनी टोपली वर धरली. "चिंधी कोणाची?"

"माही," मथुराक्का म्हणाली. "मी पाह्यलं नाई. न पाहता बांधली."

नानांना तेवढंच हवं होतं. तू एकदा बाहेर गेली होतीस, ही दुसरी वेळ, आता पुन्हा फाटकात पाय ठेवायचा नाही, आणि उद्यापासून ही समोरासमोरची बैठक बंद, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. एका जिनमधून काढलेल्या बाईला दुसरीकडे घेत नसत, मुकादम एकमेकांना सांगायचे. लेकराला घेऊन मथुराक्का कुठे गेली असती? मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळणार नव्हतं. चूक गाडीतून आली आणि मला उशिरा ध्यानात आली असंच सगळे धरून होते, उलट मी इंजिन थांबवलं म्हणून माझं कौतुकच झालं असतं. बोलले तर मी जाणार, आणि नवराही त्याच नानांच्या हाताखाली, म्हणजे कदाचित तोही जाणार. तो समोरच उभा होता, गोणीला टेकून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलले नसते.

"चूक मी टाकली," मी म्हटलं. "ती बघते की नाही ते बघायला."

मग कौसाबाई पुढे आली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. तिच्या हाताची भाजलेली कातडी खरखरीत होती, ती मला गालावर जाणवली. मी गाल चोळलाही नाही. मारून झाल्यावर ती नानांकडे वळली.

"नाना, दोन नावं लिखा. चिंधी बांधेल शे. एकनं नाव लिखशात ते चालाव नही."

"तू मध्ये पडू नको."

"मांगना येळे मी खोटं नाव सांगं व्हतं. ती त्या दिनले येलच नव्हती, तुमलेबी माहीत व्हतं. तिले आठ दिन भेटनात. आते खरं सांगस. दोन्हीसले आठ दिन द्या आनि मोकया व्हा."

खोट्या नावाला आठ दिवस, तर खऱ्याला त्याहून जास्त कसे द्यायचे, असा तो पेच होता. आणि हजेरीचं प्रकरण मालकापर्यंत गेलं तर नानांनाच जड गेलं असतं, हे कौसाबाई न बोलता बोलली होती. सालूबाई, मग आणखी दोघी, मग सगळ्याच तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. भांडायला नाही, नुसत्या उभ्या. नानांनी टोपली खाली ठेवली. "आठ दिवस," ते म्हणाले, "दोघी." बैठकीचं पुन्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाया आल्या आणि समोरासमोर बसल्या, असं मला नंतर कळलं.

ते आठ दिवस आम्ही पांझरा नदीपलीकडे, देवपूरच्या बाजूला एका मळ्यात मिरच्या तोडायला गेलो. दोघी वेगवेगळ्या निघालो आणि मळ्यात समोरासमोर आलो, दुसरं कामच नव्हतं. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वाफ्याच्या एका टोकाला ती, एका टोकाला मी. मी मनाशी म्हटलं, बोलू नकोस, तुझा हक्क आहे. चौथ्या दिवशी भाकरी खायला बसलो तेव्हा तिने तिच्या फडक्यातला ठेचा माझ्याकडे सरकवला.

"इंदे," ती म्हणाली, "लोखंड काहाले टाकलं वं? चिंचोका टाकला असता."

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावून सांगितलं. चिंचोका रेच्यात गेला तरी ठिणगी पडत नाही. त्याला चुना लावायचा म्हणजे ओळखू येतो. रोज कोणीतरी एकीने कोणाच्या तरी टोपलीत गुपचूप टाकायचा, कोणी टाकला ते सांगायचं नाही. पाहणारीला सापडला तर ठीक. नाही सापडला तर तिने त्या दिवशी सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. आणि जोड्या कायमच्या ठेवायच्या नाहीत, दर आठवड्याच्या बाजारानंतर बदलायच्या. माझ्या वाईट बुद्धीतून तिने तीन दिवसांत हे काढलं होतं. मी ठेचा खाल्ला. फार तिखट होता. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "थोबाडीतपरीस बरा हाये का नाई?"

पुढची पाच-सहा वर्षं, मी धुळं सोडेपर्यंत, तो चिंचोका चालला. सुरुवातीला रोजच कोणी ना कोणी पाणी वाहायची. मग आठवड्यातून एखादी. मथुराक्कावर दोनदा पाळी आली आणि दोन्ही वेळा बायांनी मुद्दाम दोन-दोन तांबे मागून प्यायले. आजारी पडून कोणी घरी राहिली तरी आता तिला धास्ती नसायची, मागे आपलं नाव कोणी सांगणार नाही एवढं ठाऊक असायचं. मी दोन बाळंतपणं त्या निर्धास्तपणात काढली. तेवढ्या वर्षांत आमच्या टोपल्यांवरून आग लागली नाही. नाना म्हातारे झाल्यावर बायांवर मथुराक्कालाच नेमायचं ठरलं, तेव्हा ती म्हणाली की एकटी मी राहणार नाही, दुसरीही द्या. दुसरी म्हणून तिने कौसाबाईचं नाव सांगितलं. सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही.

माझ्या मनात मात्र ती गोष्ट तशीच राहिली होती. एरवी इतकी चोख बाई, एका दिवशी जरा चुकली, आणि तेवढाच क्षण मी पकडून तिला सगळ्यांसमोर उभं केलं, असं मला वाटायचं. आम्ही जळगावला आलो, मुलं मोठी झाली, ती प्रकाशजवळ देवपूरला राहायला लागली. वर्षा-दोन वर्षांनी भेटायचो, कापसाचं बोलायचो, सुनांचं बोलायचो, पण ते कधी बोललो नाही. गेल्या वेळी एसटीने गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खाटेजवळ बसले आणि सरळ विचारलं, कारण आता आडून विचारायला वेळ नव्हता.

"अक्का, त्या दिवशी तू माझी टोपली का पाहिली नाहीस?"

ती म्हणाली, "त्याच दिवशी? मी तुही टोपली पाहातच नव्हती."

"म्हणजे?"

"पह्यले काही दिवस पाह्यली. मंग नाई. तू इतकी बारीक निवडायची का पाहाले काही राहेच नाई."

"आणि बाकीच्यांना ओरडायचीस ते?"

"त्याहीच्या पाहात होती ना."

मी म्हटलं, "म्हणजे माझा संशय खरा होता."

"खरा होता. म्हनून त तीन दिवस बोलली नाई मी मिरचीत. काय बोलनार? तोंड होतं का मले?" मग दम घेऊन म्हणाली, "तू टाकलं ते बरं झालं. नाईतं एखांद्या दिवशी खरंच गेलं असतं… माह्याच चिंधीखाली."

"एवढी वर्षं सांगितलं का नाहीस गं?"

"तू इचारलंच नाई."

तीन दिवसांच्या त्या अबोल्याला मी तिचा राग समजत आले होते, आणि ती तिकडे शरमेने मिरच्या तोडत होती. मला हसू फुटलं. तिलाही फुटलं, पण तिला हसताना खोकला यायचा, तशी ती खोकत-हसत राहिली आणि तिची सून लता घाबरून आत आली. आम्ही तिला काही सांगितलं नाही. निघताना मी मथुराक्काचा हात हातात घेतला नाही की काही बोलले नाही. खाली उतरले आणि रिक्षात बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला भूक लागली आहे. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती.

तेराव्याला मी पुन्हा गेले. दिवस झाले, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी मला बसस्टँडवर सोडायला प्रकाश आणि लता दोघं निघाले, त्यांनाही बाजारात काम होतं. प्रकाश रिक्षा बघायला पुढे गेला. लताने दार ओढलं, कुलूप लावलं, एकदा खाली खेचून पाहिलं. पण ती निघाली नाही. किल्ली हातात धरून दारापासून बाजूला सरकली आणि उभी राहिली.

"काय गं?" मी म्हटलं.

"आता तुम्ही बघा ना मावशी. आई हिंडत्याफिरत्या होत्या तोवर त्या बघायच्या. मी लावायचं, त्यांनी बघायचं. मग अकरा महिने कुलूप लावायची वेळच आली नाही, घरात कोणीतरी असायचंच." तिने कुलपाकडे बघितलं. "आजच पहिल्यांदा लावतेय."

मी पिशवी खाली ठेवली. लता नीट कुलूप लावणारी मुलगी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी कुलूप हातात घेतलं, खाली ओढलं, मग डावीकडे हिसका देऊन पाहिलं, आणि कडी दाराला घट्ट बसली आहे का ते बोट घालून बघितलं.

"लागलंय," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने किल्ली कमरेला खोचली.